घरी गाडीचं काम करताना नुकसान होतं ते उघडताना नाही, बंद करताना

तुझा प्रश्न मला कळला तो असा, की २०१८ची सेकंडहँड १५० सीसी मोटरसायकल घेतलीस, कार्बोरेटरवाली, पुढे डिस्क मागे ड्रम, राहतोस वाळपईला आणि कामाला रोज पणजीला जातोस, पावसाच्या आधी ऑइल, चेन, ब्रेक आणि प्लग एवढं घरच्या घरी करायचंय, पण बाबा म्हणतात घरी हात लावू नको, बिघडवून ठेवशील. आणि तुला हवंय ते हे, की घरी करणारे नेमके कुठे चुकतात.

घरी जरूर कर. मी डिचोलीला गॅरेज चालवतो, तरी हेच सांगेन, कारण जो माणूस आपली गाडी महिन्यातून एकदा तरी हाताने तपासतो त्याची गाडी रस्त्यात बंद पडणं फार कमी होतं. पण बाबांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नाही. घरी काम करून बिघडलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात त्यात काम येत नव्हतं म्हणून बिघडलेल्या थोड्या. काम बरोबर केलेलं असतं, जुनं ऑइल बरोबर काढलेलं असतं, चेन चकाचक धुतलेली असते, आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत, काळोख पडायला आलाय, आभाळ भरून आलंय, कुणीतरी जेवायला हाक मारतंय, तेव्हा बोल्ट बसवताना, नट आवळताना, पिन टाकताना घोळ होतो. मे अखेरीला आणि चवथीच्या सुट्टीत अशा गाड्या जास्त येतात. म्हणून मी तुला प्रत्येक कामात बंद करतानाचं काय ते जास्त सांगणार आहे, उघडायचं कसं ते तू व्हिडिओत बघशीलच.

सगळ्यात आधी ऑइलचा ड्रेन बोल्ट. इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडाचा, त्यामुळे जोर लावला की हार ॲल्युमिनियमची होते. ऑइल गळू नये म्हणून लोक लांब पाना घेतात, वर पाइप घालतात, काही जण तर पायाने दाबतात. कसं होतं ते नीट ऐक, कारण हे हाताला कळतं. बोल्ट आवळत जातोस तसा पाना जड होत जातो, जड होतो, आणि मग एकदम मऊ लागतो, फिरतोय पण घट्ट होत नाही. त्या क्षणी आटे गेले. बोल्ट बाहेर काढलास तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळून आलेली दिसते. मग हेलिकॉइल घालावं लागतं, म्हणजे भोक मोठं करून आत स्टीलचे नवे आटे बसवायचे, आणि ते काम घरी होत नाही. हे टाळायला तीन गोष्टी पुरतात. बोल्ट पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी फिरव, पाना लावायचाच नाही, बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागलाय, काढून परत लाव. खालचा वायसर दर वेळी नवा घाल, तो दबून जागा सील करतो, जुना दबलेला असतो म्हणून गळतं आणि गळतं म्हणून लोक जास्त आवळतात, खरा दोष वायसरचा असतो. आणि आवळताना छोटा पाना घे, मनगटाच्या जोराने आवळ, खांद्याच्या नाही. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, असेल तर उत्तमच, मॅन्युअलमध्ये आकडा असतो तेवढाच ठेव.

ऑइल किती घालायचं यात पण गंमत नाही, नीट वाच. ओनर मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, एक ऑइल बदलताना लागतं तो आणि दुसरा पूर्ण इंजिन उघडून परत जोडल्यावर लागतं तो. दुसरा मोठा असतो, कारण ऑइल काढलं तरी थोडं आत राहतंच. लोक मोठा आकडा वाचतात, किंवा बाटली एक लिटरची आहे म्हणून अख्खी ओततात. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, फिल्टर भिजतो, गाडी धूर मारते, ओढत नाही, आणि माणूस समजतो पिस्टन रिंगा गेल्या. ऑइल बघायचं ते गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद केल्यावर परत दोन-तीन मिनिटं थांबून. साइड स्टँडवर गाडी कलते आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, खोटं सांगते. डिपस्टिक नुसती टेकवून बघायची की आटे फिरवून, हे गाडीगणिक वेगळं असतं, ते पण मॅन्युअलमध्ये आहे, आणि या एवढ्याशा गोष्टीने शंभर-दोनशे मिली इकडेतिकडे होतं.

कुठलं ऑइल, तर ग्रेड तुझ्या मॅन्युअलमधला आणि बाटलीवर जासो (JASO) या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारे पदार्थ असू शकतात आणि मग क्लच सटकायला लागतो, चढणीला आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही. एमबी लिहिलेलं ऑइल गिअरलेस स्कूटरसाठी, घरात ॲक्टिव्हाची उरलेली बाटली असली तरी ती या गाडीत घालू नको. आणि काढलेलं काळं ऑइल विहिरीच्या बाजूला, माडाच्या मुळाशी किंवा गटारात नाही ओतायचं, कॅनमध्ये भर आणि कुठल्याही गॅरेजात दे, आमच्याकडे ते जमा करून विकतात.

आता चेन. यावर मी जरा जास्त बोलणार.

पहिलं म्हणजे इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. कधीच नाही. व्हिडिओत करतात, पटकन होतं, आणि फडकं एकदा स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढलं गेलं की बोट बाहेर काढायला वेळ मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताची दोन बोटं याच कामात अर्धी गेली. गाडी बंद, न्यूट्रल, मेन स्टँड, चाक हाताने फिरव, एवढाच प्रकार.

धुवायला रॉकेल किंवा डिझेल चालतं, ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांची, चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, रिंगा खराब होतात आणि आतलं ग्रीस धुऊन जातं. कोरडी पुसून मग ल्युब, आणि ते खालच्या भागाच्या आतल्या बाजूने, म्हणजे फिरताना आपोआप बाहेर पसरतं. रात्री लाव, सकाळी जास्तीचं पुसून टाक. लावून लगेच निघालास तर सगळं टायरच्या बाजूला उडतं. आपल्या गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तुमच्या सत्तरी तालुक्यात घाटाकडे त्याहून जास्त, तेव्हा पावसाळ्यात एरवीसारखं पाचशे-सातशे किलोमीटर थांबायचं नाही, मोठ्या पावसात भिजून आलास की त्याच संध्याकाळी पुसून हलका हात फिरव. म्हापशाच्या स्टँडवर पिवळ्या-काळ्या गाड्या चालवणारे पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, बघ, त्यांच्यातले जुने लोक रोज रात्री फडकं मारतात, आणि त्यांच्या चेनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

ताण म्हणजे चेनचं ढिलेपण. बहुतेक अशा गाड्यांना खालच्या भागाच्या मधोमध वर-खाली मिळून २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो, तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर आहे. घरी करणारे चेन ढिली ठेवत नाहीत, ताठ करतात, कारण ताठ चेन बघायला बरी वाटते. पण तू वर बसलास, मागे कुणी बसलं, की सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणते, मग पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचं बेअरिंग आणि मागच्या चाकाचं बेअरिंग दोन्ही झिजतात. आणि चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक हळूहळू फिरवून जिथे सगळ्यात जास्त ताठ येते तिथे माप घे.

आता बंद करताना. चेन ताणायला एक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट ढिला करतोस, दोन्ही बाजूचे ॲडजस्टर फिरवतोस. दोन्हीकडच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने घासतात. मग एक्सल आवळताना मागचा ब्रेक पायाने दाबून धर, म्हणजे ब्रेक शू मधोमध बसतात. आणि हे फार जण विसरतात, चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा रॉड आपोआप ताणला जातो, त्यामुळे पेडल दाबलेलं नसतानाही ब्रेक किंचित लागून राहतो, ड्रम तापतो आणि ॲव्हरेज पडतं. म्हणून चेन ताणली की ब्रेकचा नट परत सेट करायचाच, पेडलला २० ते ३० मिलिमीटर फुकट खेळ राहू दे, चाक हाताने फिरवून बघ, मोकळं फिरायला हवं.

त्याहून मोठी गोष्ट टॉर्क रॉडची. मागच्या ब्रेक प्लेटपासून स्विंगआर्मपर्यंत एक लोखंडी पट्टी जाते, बऱ्याच गाड्यांत चेन ताणताना किंवा चाक काढताना तिचा नट ढिला करावा लागतो. ती पट्टी दिसायला बिनकामाची वाटते. पण ब्रेक दाबला की ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते आणि तिला अडवणारी तीच एक पट्टी आहे. नट ढिला राहिला, पिन टाकली नाही, नट पडला, तर पुढच्या जोरदार ब्रेकला प्लेट फिरते, ब्रेकचा रॉड मुरगळतो आणि चाक जागच्या जागी जाम होतं. चोर्ला घाट उतरताना एका पोराचं असंच झालं, बरोबर साखळीचा त्याचा मित्र होता, दोघे घसरले, मागून ट्रक नव्हता म्हणून आज आहेत. गाडी माझ्याकडे आली तेव्हा चेन सुंदर ताणलेली, धुतलेली, एक्सल पक्का, आणि टॉर्क रॉडच्या बोल्टला नट नाही, पिनचं भोक रिकामं. ती दोन रुपयांची स्प्लिट पिन असते. जुनी सरळ करून परत वापरू नको, वाकवून वाकवून ती तुटते, पाच-दहा नव्या घेऊन डब्यात ठेव.

माझी एक सवय सांगतो, तू पण लाव. नट-बोल्ट पूर्ण आवळून झाला की त्यावर पांढऱ्या मार्करने नटापासून खालच्या भागापर्यंत एक रेघ मारायची. रेघ नाही म्हणजे तो अजून आवळायचा आहे. काम संपलं की खाली बसून रेघा मोज, जेवढे उघडलेस तेवढ्या हव्यात. आणि पुढे महिनाभराने रेघ तुटलेली दिसली तर नट हललाय हे लगेच कळतं.

पुढच्या डिस्कला पॅड बदलणं सोपं आहे, पण दोन ठिकाणी जपून. पॅड नवे घालताना पॅड दाबणारा ब्रेकचा पिस्टन आत ढकलावा लागतो, ढकलण्याआधी त्याच्यावरची माती साफ कर, नाहीतर ती सीलमध्ये जाते. पिस्टन आत गेला की हँडलवरच्या डबीत फ्लुइड वर चढतं, कुणी आधी डबी भरून ठेवली असेल तर उतू जातं, आणि ब्रेक फ्लुइड टाकीच्या रंगावर पडलं तर रंग उचलतं, म्हणून भरपूर फडकी गुंडाळ आणि सांडलंच तर लगेच पाण्याने धू. दुसरं, काम झाल्यावर लिव्हर दाबत राहा जोपर्यंत ती कडक होत नाही. पिस्टन मागे असतो, पहिला ब्रेक पूर्ण रिकामा जातो, लिव्हर थेट हँडलला टेकते. हे अंगणात कळलं तर काही नाही, गेटच्या बाहेर उतारावर कळलं तर फार वाईट. पॅडला, डिस्कला ग्रीसचा हात लागू देऊ नको, गंज काढायचा स्प्रे तर डिस्कच्या आसपास मारूच नको.

फ्लुइड बदलायचं असेल तर भर पावसात डबी उघडू नको. डॉट ३ आणि डॉट ४ या जातींची ब्रेक फ्लुइडं हवेतला ओलावा ओढून घेतात. डॉट ४चा उकळबिंदू ताजं असताना कमीत कमी २३० अंश सेल्सियस, पाणी ओढल्यावर १५५पर्यंत खाली, मग लांब घाट उतरताना तापून त्यात वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखी लागते. दोन वर्षांनी बदलायचंच, सेकंडहँड गाडीत आधीचं कधीचं आहे ते कोण जाणे, त्यामुळे तुझ्यासाठी हे आता करण्यासारखं आहे, मात्र पहिल्या वेळी कुणा जाणकाराला बाजूला बसव. सहा महिन्यांपूर्वी उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरू नको, आपल्या हवेत तर नाहीच.

त्या डबीचे दोन स्क्रू हा एक वेगळाच त्रास आहे. ते साध्या स्टार स्क्रूड्रायव्हरचे वाटतात पण जपानी मापाचे असतात, जेआयएस म्हणतात, डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक टिंब असतं. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, वर सरकतो आणि खाच गोल करतो. जेआयएसचा एक स्क्रूड्रायव्हर घे, महाग नाही, आणि खाली दाबून धरून फिरव.

प्लग पटकन सांगतो. काढण्याआधी भोवतालची धूळ हवेने उडव, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते, आणि डिचोली, सत्तरी, सांगेच्या खाणीच्या रस्त्यांवर जाणाऱ्या गाड्यांना तिथे लाल मातीचा थर असतोच. इंजिन थंड असताना काढ. बसवताना बोटांनी, शेवटपर्यंत, मग पान्याने थोडंच. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकाची फट, बहुतेक ०.७ ते ०.९ मिलिमीटरच्या मधला असतो, तुझा आकडा बघ. एअर फिल्टर कागदाचा असेल तर तो धुवायचा नसतो, पेट्रोलने तर नाहीच, बदलायचा. झटकायचाच झाला तर हवा आतून बाहेर मार, बाहेरून मारलीस तर धूळ कागदात आणखी रुतते. परत बसवताना डब्याचं रबर खाचेत बसलंय का ते बोट फिरवून बघ, फट राहिली तर फिल्टर असून नसल्यासारखा.

धुण्याबद्दल. समुद्राकडे राहणाऱ्यांना खाऱ्या हवेने गंज येतो, कळंगुट-मोरजीच्या गाड्यांचे स्पोक आणि फोर्कच्या नळ्या बघितल्यास तर कळेल, फोर्कवर गंजाचे खड्डे पडले की ते सील कापतात आणि ऑइल गळतं. तुझ्या भागात तो त्रास कमी, पण शनिवार-रविवारी बीचवर गेलास की घरी येऊन साध्या पाण्याने धू. वाळूवर गाडी घालू नको, त्याला बंदी पण आहे. प्रेशर वॉशर चाकाच्या मधोमध, स्टिअरिंगच्या बेअरिंगवर, वायरींच्या कनेक्टरवर आणि सायलेन्सरच्या तोंडात मारायचा नाही, पाणी सीलच्या आत ढकललं जातं आणि ग्रीस जातं, बेअरिंग दोन महिन्यांनी आवाज करायला लागतं तेव्हा धुण्याशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. धुऊन झालं की दहा मिनिटं चालव, दोन्ही ब्रेक हलके दाबून सुकव, उभी करून ठेवू नको. पेट्रोलच्या झाकणाभोवती एक बारीक ड्रेन भोक असतं ते मातीने बुजलं तर पावसाचं पाणी टाकीत जातं, आणि आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून तळाशी बसतं, मग गाडी सकाळी चालू होत नाही. बारीक तारेने ते भोक मोकळं कर.

बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलट केलंस आणि पाना फ्रेमला टेकला तर ठिणगी उडते. मित्राची एप्रिल २०२०नंतरची बीएस६ गाडी असेल तर त्याला सांग की इग्निशन चालू असताना कुठलाही कनेक्टर ओढायचा नाही.

जागेचं पण बघ. पावसात आपली माती मऊ होते, मेन स्टँड एका बाजूने रुततो आणि गाडी अंगावर येते, खाली लाकडी फळी ठेव. इंजिनखाली जांभ्याचा चिरा लावून गाडी उचलणारे बरेच आहेत, चिरा फुटतो, आणि भार ऑइल चेंबरवर येतो. तसं करू नको. संध्याकाळी पाचनंतर काम सुरू करू नको, आणि एका दिवशी सगळी कामं घेऊ नको. ऑइल आणि प्लग एका रविवारी, चेन दुसऱ्या, ब्रेक तिसऱ्या. प्रत्येकानंतर घराच्या आसपास सावकाश एक फेरी मार, परत येऊन खाली वाक, ऑइलचा थेंब आहे का, नट सगळे जागेवर आहेत का, ड्रम हाताला तापलाय का ते बघ, आणि मगच दुसऱ्या दिवशी पणजीला ने.

फोर्कचं ऑइल सील, स्टिअरिंगचं बेअरिंग, क्लच प्लेट आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट सेट करणं, हे सध्या गॅरेजात दे. टॅपेट नंतर शीक, इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर, आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, हवाच, कानाने सेट करणारे तो आवाज जाईपर्यंत घट्ट करतात आणि मग व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, जळतो. गॅरेजात देशील तेव्हा बाजूला उभा राहून बघू दे म्हणून सांग, कुणी नाही म्हणालं तर दुसरं गॅरेज बघ. बाबांनाही बरोबर ने.